व्हर्नची ‘असामान्य प्रवास’माला आणि मराठी वाचक : दीर्घ विज्ञानकादंबरीमालेच्या स्वीकाराचा एक विचार

विषयप्रवेश

मराठीत विज्ञानकथा आहे आणि विज्ञानकादंबरीही आहे. परंतु एकच कल्पित विश्व धरून अनेक खंडांत पसरलेली, पिढ्यान्‌पिढ्या वाचली जाणारी विज्ञानकादंबरीमाला मात्र मराठी साहित्यात रुजली नाही. त्यामुळे अशा मालेविषयीच्या वाचकप्रतिसादाचा विचार मराठीच्या संदर्भात करावयाचा झाल्यास अनुवादित मालेकडे वळणे भाग पडते. अशा मालांमध्ये मराठी वाचकाशी सर्वांत जुने आणि सर्वांत जिव्हाळ्याचे नाते जडले ते ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या ‘असामान्य प्रवास’ या मालेशी. प्रस्तुत लेखात या नात्याचे स्वरूप उलगडून दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. माला वाचताना वाचकाचे मन कसे काम करते, मराठी वाचकाच्या हाती व्हर्न कोणत्या रूपात आला आणि त्या रूपामुळे त्याच्या प्रतिसादाला कोणते वळण लागले, हे येथील मुख्य प्रश्न आहेत.

हा विषय हडपसर परिसरातील अध्यापकांना परका वाटण्याचे कारण नाही. व्हर्नला मराठी मुलांच्या घरात नेणारे भा. रा. भागवत यांनी आपला मानसपुत्र बनेश फेणे याचे गाव म्हणून निवडले ते हडपसरच्या शेजारचे, सासवड रस्त्यालगतचे फुरसुंगी. एकाच लेखकाने एका हाताने चंद्र, पाताळ आणि धूमकेतू मराठीत आणावेत व दुसऱ्या हाताने फुरसुंगीचा पोरगा महाराष्ट्रभर पोहोचवावा, ही गोष्ट केवळ योगायोगाची मानता येत नाही. तिचा विचार पुढे येईलच.

माला वाचणे म्हणजे काय

हान्स रॉबर्ट याऊस यांनी मांडलेली ‘अपेक्षाक्षितिज’ ही संकल्पना साहित्याच्या अध्यापकांच्या परिचयाची आहे. वाचक कोऱ्या मनाने पुस्तकाकडे येत नाही. पूर्वी वाचलेल्या पुस्तकांनी त्याच्या अपेक्षांची एक सीमारेषा आखलेली असते, असे तिचे सार सांगता येईल. सुट्या कादंबरीच्या बाबतीत ही सीमारेषा त्या साहित्यप्रकाराने आखलेली असते. मालेच्या बाबतीत ती आधीच्या खंडांनीच आखलेली असते. म्हणूनच मालेचा वाचक अधिक निष्ठावान असतो आणि अधिक तक्रारखोरही असतो. त्याने त्या विश्वात काही काळ वास्तव्य केलेले असते. भाडेकरू बराच काळ राहिला की घराच्या भिंतीचा रंग बदलण्याबाबत त्याला मत असू लागते, तसेच हे आहे.

पाश्चात्त्य विज्ञानकादंबरीच्या इतिहासात याचे दाखले ठळक आहेत. फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ ही कादंबरी १९६५ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्या नायकाला तारणहार मानून बसलेल्या वाचकांना १९६९ मधील दुसऱ्या खंडाने धक्का दिला, कारण त्यात त्याच नायकाच्या विजयाची काळी बाजू उघडी करण्यात आली होती. ‘ड्यून’चा मजकूर आपल्या मासिकातून आधी क्रमशः छापणारे संपादक जॉन कॅम्बेल यांनी हा दुसरा भाग नाकारला. त्यांना पतन पावणारा वीर नको होता. आयझॅक अॅसिमोव्ह यांच्या ‘फाउंडेशन’ मालेची गोष्ट याच्या उलट आहे. १९४२ पासून मासिकातून आलेल्या कथा १९५१ ते १९५३ या काळात तीन पुस्तकांत संकलित झाल्या आणि लेखकाने तो विषय बाजूला ठेवला. परंतु वाचकांनी आणि प्रकाशकांनी त्याला स्वस्थ बसू दिले नाही. अखेर १९८२ मध्ये चौथा खंड आला. जर्मनीत १९६१ पासून आठवड्याला एक अंक याप्रमाणे निघणाऱ्या ‘पेरी ऱ्होडान’ या मालेने २०१९ मध्ये ३००० अंकांचा टप्पा गाठला. इतक्या पसाऱ्यात वाचकांची स्मरणशक्ती हाच त्या विश्वाचा खरा दस्तऐवज ठरतो.

मालेच्या वाचनातील आणखी एक व्यापार अधिक सूक्ष्म आहे. पुढचा खंड हा मागच्या खंडाचा अर्थ बदलतो. कथानक पुढे नेणे हे त्याचे दृश्य काम झाले. परंतु वाचून संपलेल्या, कपाटात ठेवलेल्या पुस्तकातील एखाद्या निरुपद्रवी वाक्याला तो नवे वजन देतो. व्हर्नच्या मालेत याचे सर्वोत्तम उदाहरण आढळते, आणि त्याचा भारतीय वाचकाशी थेट संबंध आहे.

कॅप्टन नेमोची दोन जन्मस्थाने

व्हर्नची पहिली प्रवासकादंबरी १८६३ मध्ये प्रसिद्ध झाली. १८६४ पासून प्रकाशक पिएर-ज्यूल एत्झेल यांनी शिक्षण आणि रंजन यांची सांगड घालणारे नियतकालिक सुरू केले व व्हर्नच्या बहुतेक कादंबऱ्या त्यातून आधी क्रमशः छापल्या. भूगोल, भूगर्भ, पदार्थविज्ञान आणि खगोल या शाखांतील आधुनिक ज्ञान कथारूपाने एकत्र आणावयाचे, हा या उपक्रमाचा जाहीर हेतू होता. १९०५ मध्ये व्हर्नचे निधन झाले तोपर्यंत मालेतील चोपन्न कादंबऱ्या झाल्या होत्या. या चोपन्नांत सलग कथानक नाही. काही पात्रे पुन्हा भेटतात, काही घटनांचे उल्लेख येतात, एवढेच. तरीही ‘समुद्राखाली वीस हजार लीग’ (१८७०) आणि ‘गूढ बेट’ (१८७५) या दोन कादंबऱ्यांमधील दुवा हा साऱ्या मालेचा कणा मानावा लागतो.

पहिल्या कादंबरीत पाणबुडीचा स्वामी कॅप्टन नेमो हा कोणत्या देशाचा, हे सांगितलेले नाही. त्याच्या खोलीत स्वातंत्र्यासाठी लढलेल्या पुरुषांची चित्रे आहेत. क्रीटच्या बंडखोरांना तो सोने पुरवितो. मन्नारच्या समुद्रात शार्कच्या जबड्यातून तो एका गरीब भारतीय पाणबुड्याला वाचवितो, मोत्यांची पिशवी त्याच्या हाती ठेवतो आणि हा माणूस पीडितांच्या देशाचा रहिवासी आहे, आपणही त्याच देशाचे आहोत, अशा आशयाचे उद्गार काढतो. व्हर्नच्या मूळ योजनेत नेमो हा पोलिश उमराव होता. रशियाने पोलंडचा १८६३ चा उठाव चिरडला त्याचा सूड घेणारा. रशियातील वाचक आणि तेथील विक्री यांचा विचार करून एत्झेल यांनी त्यास नकार दिला. म्हणून नेमो बेवारस राहिला.

‘गूढ बेट’ या कादंबरीत मृत्युशय्येवरचा नेमो आपली ओळख सांगतो. तो बुंदेलखंडच्या राजाचा पुत्र डाक्कार, टिपू सुलतानाचा भाचा. युरोपात शिक्षण घेऊन परतलेला आणि १८५७ च्या लढ्याचा प्राण ठरलेला राजपुत्र. लढा चिरडला गेला, कुटुंब नष्ट झाले, त्यानंतर त्याने जमिनीकडे पाठ फिरविली. (मूळ फ्रेंच शब्दातून भाचा की पुतण्या हे स्पष्ट होत नाही. पिता बुंदेलखंडचा राजा असल्यामुळे मराठीत ‘भाचा’च म्हणावे लागते. मराठीतील नातेवाचक शब्द अनुवादकाला असे काटेकोर हिशेब करावयास लावतात.)

आता मन्नारच्या प्रसंगाकडे पुन्हा पाहावे. तो लिहिताना व्हर्नच्या मनात नेमो भारतीय नव्हता. परंतु दुसरी कादंबरी वाचून झालेल्या वाचकाला ‘पीडितांचा देश’ हे शब्द खुणेसारखे भासतात. लेखकाने न पेरलेले बीज वाचकाच्या मनात उगवते. मालेचा वाचक हा त्या अर्थाने मालेचा सहलेखक असतो.

याच वाचकाने तारखाही तपासल्या. पहिल्या कादंबरीनुसार प्राध्यापक आरोनाक्स नेमोच्या पाणबुडीवर १८६७ च्या नोव्हेंबरपासून १८६८ च्या जूनपर्यंत आहेत. दुसऱ्या कादंबरीत नेमो त्याच १८६८ च्या ऑक्टोबरमध्ये पांढऱ्या दाढीचा वृद्ध म्हणून मरतो आणि आरोनाक्सच्या भेटीला सोळा वर्षे होऊन गेल्याचे सांगतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. खुद्द पुस्तकातच या विसंगतीविषयी एक टीप घालावी लागली. व्हर्नच्या अभ्यासकांनी या तारखांची संगती लावण्याचे अनेक प्रयत्न केले आहेत. पुराणांतील वंशावळींचा मेळ घालणाऱ्या आपल्याकडील पंडितांची त्यावरून आठवण होते. श्रद्धा आणि चिकित्सा यांचे असे सहजीवन मालेच्या वाचकातच आढळते.

इंग्रजीच्या गाळणीतून

व्हर्न एकोणिसाव्या शतकात भारतात पोहोचला तो प्रामुख्याने इंग्रजीतून. येथे एका महत्त्वाच्या गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. लुईस मर्सिए यांनी केलेल्या ‘वीस हजार लीग’च्या इंग्रजी अनुवादात मूळ मजकुराचा मोठा भाग गाळलेला होता. डब्ल्यू. एच. जी. किंग्स्टन यांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या ‘गूढ बेट’च्या अनुवादाची कथा अधिक गंभीर आहे. नेमोच्या आत्मकथनातील इंग्रजी सत्तेवर थेट आरोप करणारा मजकूर त्यात बदलण्यात आला. १८५७ विषयीच्या मूळ लेखनाचा सूर पालटला. हाच अनुवाद पुढे अनेक दशके स्वस्त आवृत्त्यांतून छापला गेला आणि ब्रिटिश साम्राज्यातील वाचकांना सहज मिळणारे पाठ्य तेच होते.

याचा अर्थ असा की, व्हर्नच्या साऱ्या मालेत ज्या एका ठिकाणी भारतीय माणूस वैज्ञानिक, यंत्रनिर्माता, संगीतज्ञ आणि स्वातंत्र्ययोद्धा म्हणून उभा आहे, नेमके तेच ठिकाण इंग्रजीवर अवलंबून असलेल्या भारतीय वाचकाला बोथट करून मिळाले. मराठी वाचकाने नेमोला ‘आपला’ म्हणून जवळ का केले नाही, या प्रश्नाचे उत्तर वाचकाच्या रुचीत शोधण्यापूर्वी त्याच्या हातातील पुस्तकात शोधावे लागते. वाचकप्रतिसादाच्या अभ्यासात हे पथ्य नेहमीच पाळले जाते असे नाही. प्रतिसादाची नोंद होते. पाठ्याची प्रत तपासली जात नाही.

चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांच्या ‘तीन वस्तूंचा प्रश्न’ या कादंबरीचे उदाहरण येथे जोडता येईल. २००६ मध्ये एका चिनी मासिकातून क्रमशः आलेली ही कादंबरी सांस्कृतिक क्रांतीच्या काळातील हिंसेशी बांधलेली आहे. चिनी पुस्तकात ते प्रसंग मध्यभागी येतात. २०१४ च्या इंग्रजी अनुवादात ते आरंभी आहेत. चीनमधील आणि चीनबाहेरील वाचक एकाच मालेत दोन वेगवेगळ्या दारांनी शिरले. त्यांच्या प्रतिक्रियांची तुलना करताना हे दार लक्षात घ्यावेच लागेल.

मालेतील भारत आणि अवघडलेला वाचक

मराठी वाचक हा व्हर्नच्या मालेचा तटस्थ प्रेक्षक नाही. तो तिच्या भूगोलाच्या आत राहतो. १८७२ मध्ये पॅरिसच्या दैनिकातून क्रमशः आलेल्या ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ या कथेतील आगगाडी मुंबईहून सुटून घाट ओलांडते, खानदेशातून जाते, मालेगावचा उल्लेख येतो, बुऱ्हाणपूरला थांबते. मुंबईच्या मलबार हिलवरील देवळात फ्रेंच नोकर बूट घालून शिरतो आणि पुजाऱ्यांचा मार खातो. खानदेशचा प्रदेश वाचकापुढे येतो तो कालीच्या भक्तांच्या रक्तपिपासू कथांसह. पॅरिसच्या वाचकाला जो प्रदेश अद्भुताचा वाटला तो धुळ्या-जळगावच्या वाचकाला कापसाचा आणि केळीचा वाटणार, हे उघड आहे. त्याच्या वाचनात येथे एक हसू येते आणि त्या हसण्यामागे थोडी खंतही असते.

त्याहून कठीण प्रसंग ‘वाफेचे घर’ (१८८०) या कादंबरीत आहे. पोलादी हत्तीच्या आकाराचे वाफेचे यंत्र उत्तर भारतातून दोन चाकी बंगले ओढत नेते, ही कल्पना बालवाचकाला वेड लावील अशीच. परंतु या कथेचा खलनायक आहे नानासाहेब पेशवे. कानपूरच्या हत्याकांडात पत्नी गमावली असे मानणारा इंग्रज कर्नल मन्रो त्याच्या शोधात आहे. झाशीच्या राणीचा वध याच मन्रोच्या हातून झाला, असे कादंबरी सांगते. अखेरीस त्या पोलादी हत्तीच्या स्फोटातच नानासाहेबांचा अंत होतो.

ब्रह्मावर्ताची आणि पेशवाईची स्मृती बाळगणाऱ्या मराठी वाचकाने येथे काय करावे? यंत्राच्या बाजूने उभे राहावे की माणसाच्या? पाच वर्षांपूर्वीच्या कादंबरीत १८५७ चा योद्धा हा व्हर्नचा सर्वांत उदात्त नायक होता. येथे १८५७ चाच नेता हिंस्र सूडकरी आहे. सुट्या सुट्या वाचल्या तर या दोन कादंबऱ्यांपैकी एक आवडेल, एक नावडेल. माला म्हणून वाचल्या तर मात्र त्यातून एका युरोपीय मनाची दुभंगलेली स्थिती दिसू लागते. इंग्रजी साम्राज्याविषयी राग आहे, पीडितांविषयी अनुकंपा आहे. परंतु तो पीडित खरोखर शस्त्र उचलून समोर आला, त्याला इतिहासातील खरे नाव मिळाले, की भय वाटते. डाक्कार काल्पनिक आहे म्हणून तो थोर होऊ शकतो. नानासाहेब खरे आहेत, म्हणून त्यांना ते भाग्य नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते माला म्हणून व्हर्न वाचण्याचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे आणि मराठी वाचकाला तो फारसा मिळालेला नाही.

मराठीतला व्हर्न

मराठीत व्हर्न येतो तो विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळ कोकिळ’ या मासिकातून व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे मराठी रूप क्रमशः प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रापासून दूर, कोचीनमध्ये सुरू झालेल्या मासिकाने मराठी वाचकाला चंद्रावर न्यावे, ही गोष्ट मराठी नियतकालिकांच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे. शीर्षक होते ‘चंद्रलोकाची सफर’. त्यातील ‘लोक’ पुराणांतून आलेला आणि ‘सफर’ फारसी-अरबीतून मराठीत मुरलेला. एका शीर्षकात दोन परंपरा जोडून अनोळखी विषय ओळखीचा करून घेतला गेला.

पुढे भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी केलेल्या रूपांतरांची शीर्षकेही अशीच बोलकी आहेत : ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. ‘स्वारी’ हा शब्द उच्चारताच मराठी कानाला घोड्यांच्या टापा ऐकू येतात. बखरीतली मोहीम डोळ्यांपुढे उभी राहते. ‘यात्रा’ म्हटले की पंढरी आणि काशी. आणि ‘मुक्काम’ हा तर पोस्टकार्डावरचा शब्द. ‘मुक्काम पोस्ट’ लिहून पुढे गावाचे नाव घालावे तसे येथे धूमकेतूचे नाव घातले आहे. त्यातही भागवतांनी ‘धूमकेतू’ हा ग्रांथिक शब्द न घेता खेड्यातल्या आजीच्या तोंडचा ‘शेंडेनक्षत्र’ हा शब्द घेतला. व्हर्नच्या मूळ कादंबरीत धूमकेतू पृथ्वीचा एक तुकडा, माणसांसह, ओरबाडून नेतो. ही भयंकर कल्पना मराठी मुलापुढे आली ती पत्त्याच्या ओळीसारखी सहज होऊन. अनुवादाची चर्चा करताना आपण बहुधा अचूकतेची मोजपट्टी लावतो. परंतु वाचकाचे अपेक्षाक्षितिज हलविण्याचे कौशल्य या तीन शीर्षकांत जितके आहे तितके कित्येक अचूक अनुवादांत नसते.

या सोयीची एक किंमतही होती. ही पुस्तके बालकुमारांसाठी होती आणि सुटी होती. ‘असामान्य प्रवास’ नावाची एक माला आहे, तिच्यातील पुस्तके परस्परांशी बोलतात, हे वाचकाला जाणवावे अशी त्यांची मांडणी नव्हती. व्हर्न मराठीत आला तो मोठ्या पसाऱ्याचा रचनाकार म्हणून नव्हे. सुरस गोष्टी सांगणारा काका म्हणून आला. शाळा संपली की तो मागे पडला. महाविद्यालयीन अभ्यासक्रमात तो आला नाही, कारण तो ‘मुलांचा’ होता.

आणि फुरसुंगीचा फेणे? विज्ञानकथेच्या काटेकोर व्याख्येत बनेश बसत नाही. परंतु मालेचा मराठी वाचक घडविण्याचे काम त्याने केले. काश्मीर असो, प्रतापगड असो वा चक्रीवादळ असो, सायकलवरचा हाच किडकिडीत मुलगा ‘ट्टॉक्’ करीत हजर. वर्षे लोटली तरी फेणे मोठा होत नाही. वाचक मोठा होतो, मुलांना पुस्तके आणून देतो आणि फेणे तेथेच उभा असतो. दूरदर्शनवर १९८७ मध्ये तो दिसला. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांच्या चित्रपटात तो तरुण झाला आणि त्याच चित्रपटात भा. रा. भागवत हेही दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने एक पात्र बनले. लेखकाला मालेच्या आत ओढून घेणे ही दीर्घ मालेच्या वाचकांची जुनी हौस तेथे पुरी झाली. त्याच २०१७ मध्ये फुरसुंगी गाव काही काळापुरते पुणे महापालिकेत गेले. दरम्यानच्या काळात या गावाचे नाव वृत्तपत्रांत येत राहिले ते शहराच्या कचरा डेपोमुळे व त्याविरुद्धच्या ग्रामस्थांच्या आंदोलनांमुळे. शहराचा कचरा आणि शेजारच्या गावाचे पाणी हा विषय घेऊन कोणी विज्ञानकादंबरी लिहावयास बसले तर तिच्यासाठी याहून योग्य भूमी शोधावी लागणार नाही.

मराठी वाचक मालेला नाखूश आहे काय?

‘आपल्याकडे लांबलचक मालिका कोण वाचणार’ असे विधान अनेकदा ऐकू येते. साहित्येतिहास त्याला दुजोरा देत नाही. नाथमाधवांची स्वराज्यविषयक कादंबरीमाला आणि वि. वा. हडप यांची ‘कादंबरीमय पेशवाई’ मराठी वाचकाने खंडामागून खंड वाचली. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांच्यासाठी वाचनालयांत रांगा लागत. नारायण धारप यांचा ‘समर्थ’ पुस्तकामागून पुस्तक भेटत राहिला. गंभीर साहित्यात भालचंद्र नेमाडे यांचे चांगदेव चतुष्टय आहे. मराठी वाचकाला मालेचे वावडे नाही.

मग अडले कोठे? ऐतिहासिक मालेत विश्व आधीच ठाऊक असते. शनिवारवाडा कोठे आहे हे लेखकाला सांगावे लागत नाही. रहस्यमालेत पात्र ठाऊक असते. प्रत्येक पुस्तक त्याच्यापासून नव्याने सुरू होते आणि स्वतःपुरते संपते. विज्ञानकादंबरीमालेत विश्वच नवे असते. त्याचे नियम, त्याचा इतिहास, त्याचा कालक्रम वाचकाला एका खंडातून दुसऱ्या खंडात स्वतः वाहून न्यावा लागतो. त्यासाठी सारे खंड दीर्घकाळ उपलब्ध असावे लागतात. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती संपल्यावर वर्षानुवर्षे पुनर्मुद्रण न होणाऱ्या व्यवहारात तिसरा खंड हाती येईतो पहिला नाहीसा झालेला असतो. वाचकाला दोष देणे त्यामानाने सोपे आहे.

दुसरे कारण मराठी विज्ञानकथेच्या जन्मस्थानात आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेने या प्रकाराला बळ दिले. १९७४ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून पत्नीच्या अक्षरात लिहवून स्पर्धेला पाठविली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले, ही हकीकत सुविदित आहे. स्पर्धा, मासिके आणि दिवाळी अंक ही तिन्ही व्यासपीठे लघुकथेची. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांचे लेखनही बव्हंशी याच वाटेने वाचकांपर्यंत गेले. दहा-बारा पानांत एक वैज्ञानिक कल्पना, एक पेच आणि एक कलाटणी हा साचा स्थिरावला. या साच्याने उत्तम कथा दिल्या. वाचकाला दीर्घ मुक्कामाची सवय मात्र लागली नाही.

नारळीकरांच्या शीर्षकांतही भागवतांप्रमाणेच परिचित शब्दांचे दार आहे : ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’. यांपैकी शेवटच्या कादंबरीत हजारो वर्षांपूर्वीच्या प्रगत संस्कृतीने जमिनीखाली ठेवलेल्या माहितीवरून वामन नावाचा यंत्रमानव तयार होतो आणि तो स्वतःची प्रजा निर्माण करू पाहतो. तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणाऱ्या बटूची आठवण वाचकाला धोक्याची सूचना देते. येथे पुराणकथा रूपक म्हणून येते, पुरावा म्हणून नव्हे. परंतु काही वाचक हा भेद पुसून टाकतात व ‘म्हणजे हे सारे आपल्याकडे पूर्वी होतेच’ असा निष्कर्ष काढतात. फलज्योतिषाची शास्त्रीय चाचणी घेण्यासाठी २००८ मध्ये पुण्यात पुढाकार घेणाऱ्या नारळीकरांना असा प्रतिसाद कितपत रुचला असता, हे सांगावयास नको. परिचित शब्द वाचकाला आत आणतो. आत आल्यावर त्याने काय पाहावे, यावर लेखकाचा ताबा राहत नाही. लघुकथेत तर त्याला सावरावयास जागाही नसते. दीर्घ माला असा गैरसमज दुसऱ्या खंडात मोडून काढू शकते; हर्बर्ट यांनी ‘ड्यून’च्या वाचकांच्या बाबतीत नेमके हेच केले. मराठीत मालेची उणीव केवळ रंजनाची उणीव नव्हे असे म्हणावयाचे ते यासाठी. नारळीकरांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. त्यांची विज्ञानकथा पाठ्यक्रमात आली, पण ती बहुधा एकेका कथेच्या रूपात.

वर्गातील एक शक्यता

मगरपट्ट्याच्या संगणक कंपन्या आणि त्यांच्या भोवतालची जुनी गावे या दोहोंमध्ये वाढलेला विद्यार्थी आज या परिसरातील महाविद्यालयांत येतो. त्यांपैकी काही विद्यार्थी इंग्रजीतील अनेक खंडांच्या माला मोबाइलवर वाचतात आणि मराठीच्या तासाला त्याविषयी अवाक्षर काढीत नाहीत, कारण तो ‘अभ्यासाचा विषय’ नाही अशी त्यांची समजूत असते. ही समजूत त्यांना कोणी तरी करून दिलेली आहे. तारखांची विसंगती शोधणारा, नायकाच्या पतनाने दुखावणारा, पुढच्या खंडासाठी खोळंबणारा हा वाचक साहित्याच्या अध्यापकाला आयता मिळालेला चिकित्सक आहे.

त्याच्यासाठी ‘गूढ बेट’मधील नेमोच्या आत्मकथनाचे प्रकरण घेता येईल. २००१ मध्ये या कादंबरीचे दोन नवे, मुळाशी प्रामाणिक इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाले. एक सिडनी क्रॅविट्झ यांचा आणि दुसरा जॉर्डन स्टंप यांचा. यांपैकी एक आणि किंग्स्टन यांचा जुना अनुवाद शेजारी ठेवून विद्यार्थ्यांनी दोहोंतील फरकाच्या जागा काढाव्यात. इतिहासाच्या अध्यापकांनी त्या तासाला यावे. फ्रेंच शिकणारा एखादा विद्यार्थी असेल तर मूळ पानही समोर ठेवावे. व्हर्नचे लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त झालेले असल्यामुळे ते सहज मिळते. त्यानंतर त्या चार-पाच पानांचा मराठी अनुवाद वर्गाने करावा. पहिल्याच परिच्छेदात प्रश्न उभा राहील : डाक्कार ज्यात लढला त्याला मराठीत ‘शिपायांचे बंड’ म्हणावयाचे, ‘उठाव’ म्हणावयाचे की ‘स्वातंत्र्यसमर’? व्हर्नचा फ्रेंच शब्द पहिल्याच्या जवळ जातो आणि त्याची सहानुभूती तिसऱ्याच्या.